एनर्जी ड्रिप लावून घेण्याआधी हे वाचा

बहिणीला सारखा थकवा, म्हणून एनर्जी ड्रिप, म्हणजे सलाइनमधून शिरेत व्हिटॅमिन, घ्यायला पुण्यातल्या एका वेलनेस क्लिनिकमध्ये तिच्यासोबत गेले होते. जागा चकाचक, स्टाफ गोड बोलतो, पण रिपोर्ट कुणी मागितले नाहीत, बीपीसुद्धा बघितलं नाही, थेट पॅकेजचं कार्ड हातात. बाटलीत नक्की काय आहे विचारलं तर म्हणे "मॅम, मल्टिव्हिटॅमिनच आहे", अँप्युल (औषधाची छोटी काचेची कुपी) दाखवा म्हटलं तर सगळं आधीच सलाइनमध्ये मिसळून ठेवलेलं, बाटलीवर ना औषधाचं नाव ना एक्स्पायरी. आम्ही सरळ उठलो.

मग फॅमिली डॉक्टरांनी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), व्हिटॅमिन बी१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड करायला लावलं आणि बी१२ खरंच कमी निघालं, शाकाहारी लोकांत आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही डायबेटीसची गोळी घेणाऱ्यांत हे होतं. तिला मिथाइलकोबालामिनची (बी१२चाच एक प्रकार) साधी लाल इंजेक्शनं दिली, खर्च ड्रिपच्या मानाने अगदी किरकोळ. लेव्हल नॉर्मल असेल तर जास्तीचं बी१२ बरंचसं लघवीवाटे निघून जातं, त्याने ताकद वगैरे येत नाही.

अशा ड्रिपमधल्या व्हिटॅमिन सीच्या हाय डोसची मला खरी काळजी वाटते. जी६पीडी हे लाल पेशींना जपणारं एन्झाइम कमी असलेल्यांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटू शकतात, किडनीचा त्रास किंवा मुतखडा असेल तरीही धोका, आणि तिथे याबद्दल एक प्रश्न विचारला नाही हो!

बुकिंगचे पैसे मात्र त्यांनी कटकट न करता परत दिले, एक स्टार त्याचा.