अनघड खड्यांची चांदीची कानातली: जयपूरच्या तीन जोड्या

पैलू न पाडलेले, खाणीतून निघाले तसेच ठेवलेले खडे चांदीत बसवून केलेली कानातली सध्या पुष्कळ ठिकाणी मिळतात; परंतु त्यांतली बरीचशी हातात घेऊन पाहिली की निराशा होते, कारण खडा अनघड आहे या सबबीखाली कारागिरीही अनघडच सोडलेली असते. जयपूरच्या जोहरी बाजारालगतच्या एका लहान कार्यशाळेतून मागवलेल्या गार्नेट, अ‍ॅमेथिस्ट आणि निळ्या अ‍ॅपेटाइटच्या तीन जोड्या मी पावसाळाभर वापरल्या. त्यांपैकी दोन जोड्यांबाबत ही तक्रार करता येणार नाही.

सर्वांत उत्तम जोडी गार्नेटची. या खड्याचा स्फटिक अनेकदा बारा समभुज चौकोनी पृष्ठे घेऊनच वाढतो, त्यामुळे त्याला पैलू पाडण्याची गरज फारशी भासत नाही. राजस्थानात टोंक जिल्ह्यातील राजमहाल तर गार्नेटसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. खरी परीक्षा असते ती कोंदणाची. ठरावीक मापाच्या खड्याला तयार कोंदण चालून जाते, पण अनघड खड्यासाठी चांदीची पातळ पट्टी त्याच्याच कडेकडेने वाकवून, डाख देऊन, मग तिची कड थोडीथोडी दाबत आणावी लागते, आणि पुष्कळ खड्यांना ताप सोसत नसल्याने डाखाचे काम खडा बसवण्यापूर्वीच उरकावे लागते. या जोडीत पट्टी कुठेही उचललेली नाही, तिच्यात केस अडकत नाहीत, आणि मागची बाजू उघडी ठेवल्यामुळे एरवी काळपट दिसणारा खडा उजेडात डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल दिसतो. दोन्ही खड्यांचे आकार वेगळे आहेत, आणि ते तसे असणारच. वजन मात्र कारागिराने नीट जुळवले आहे, त्यामुळे एक कान ओढला जात नाही.

अ‍ॅमेथिस्टची जोडीही चांगली आहे, फक्त ती उन्हात पडू देऊ नये, कारण या खड्याचा जांभळा रंग उन्हाने फिका पडू शकतो. त्याच दुकानातील पिवळी सिट्रिन मी घेतली नाही. बाजारातली बहुतेक सिट्रिन म्हणजे भट्टीत तापवलेले अ‍ॅमेथिस्ट असते. बुडाशी दुधी पांढरेपणा आणि टोकाशी करपट नारिंगी रंग दिसला की ते ओळखता येते. विचारल्यावर विक्रेत्याने ते लपवले नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूची.

अ‍ॅपेटाइटची जोडी मात्र घेऊ नये. तिचा समुद्री निळा रंग मोहक आहे, पण मोह्स मापनश्रेणीवर अ‍ॅपेटाइटची कठीणता 5 आहे आणि साध्या गारगोटीची 7. हवेतल्या धुळीतच गारगोटीचे कण असल्याने हा खडा कोरड्या फडक्याने पुसला तरी त्यावर ओरखडे उठू शकतात. अशा खड्याला चहूबाजूंनी कोंदण द्यायचे सोडून इथे तो चार बारीक नख्यांत धरला आहे, आणि त्याचा एक कोपरा पावसाळा संपण्याआधीच उडाला. हाच विचार आपल्या जळगाव-नाशिककडच्या अ‍ॅपोफिलाइट या खनिजालाही लागू पडतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ज्यांनी ते स्फटिक पाहिले असतील त्यांना कानात घालण्याचा मोह होईल. पण ते मऊ असतात, एका दिशेने सहज चिरतात, आणि कपाटाच्या काचेआडच शोभतात.

चांदी 925 प्रतीची, म्हणजे 92.5 टक्के शुद्ध आहे, मात्र दागिन्यावर केवळ कारागिराचा ठसा आहे. चांदीसाठी हॉलमार्क ऐच्छिक असल्याने हे बेकायदा नव्हे, तरी सराफाकडे यंत्रावर तपासून घ्यावे. माझ्या जोड्या त्या तपासणीत उतरल्या. दमट हवेत चांदी काळवंडली, तशी ती काळवंडतेच, पण ती उजळण्यासाठी बाजारातल्या द्रावणात दागिना बुडवू नये, कारण अनघड खड्याच्या भेगांत ते शिरून बसते. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.

गार्नेटला 3,200 रुपये आणि अ‍ॅमेथिस्टला 2,800 रुपये पडले. हातकाम पाहता दोन्ही रास्त आहेत. अ‍ॅपेटाइटचे 3,600 रुपये मात्र रास्त नाहीत. आकड्याची कानातली धावपळीत निसटतात, म्हणून मागणी नोंदवतानाच फिरकी सांगावी. कारागीर ती जादा पैसे न घेता बसवून देतो, फक्त पार्सल आठवडाभर उशिरा येते.