गायिका शोधायला घेतलेलं गाण्यांचं अ‍ॅप: काही महिने वापरल्यानंतर

रिन्यूअलचा मेसेज आला म्हणून लिहायला बसले. वर्षाचे पैसे एकदम भरले होते कारण महिन्या-महिन्याने भरलं की एकूण जास्त पडतं, आणि आता परत तेवढेच भरायचे का हा प्रश्न आहे. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण मी दोन वापरली आणि जो त्रास सांगणारे तो दोन्हीकडे सारखाच आहे. आवाज चांगला, जाहिराती नाहीत, हे सगळ्यांना माहितीये, त्यात वेळ घालवत नाही.

माझं काम एकच होतं. भाचीने गाडी घेतली, तिला गाडीत ऐकायला पेनड्राइव्ह हवा होता, फक्त आपल्याकडच्या बायकांनी गायलेली गाणी, आणि अट ही की मावशी, लताबाई आणि आशाताई माझ्याकडे भरपूर आहेत, बाकीच्या दे. आता बाकीच्या म्हणजे किती मोठं घबाड आहे ते बघा! माणिक वर्मा, मालती पांडे, ज्योत्स्ना भोळे, सुमन कल्याणपूर, कृष्णा कल्ले, पुष्पा पागधरे, उत्तरा केळकर, सुलोचना चव्हाण, ही तर नुसती सुरुवात झाली.

आधी पेनड्राइव्हचं सांगते कारण यात पैसे वाया जातात. अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलं म्हणजे फाइल आपल्या हातात येते असं समजू नका, ती फक्त त्याच अ‍ॅपमध्ये वाजते, बाहेर काढता येत नाही, आणि पैसे भरायचे थांबले की ती पण बंद. म्हणजे वर्षभर भाडं भरायचं आणि शेवटी घर रिकामं. भाचीला शेवटी अ‍ॅपमधली यादी पाठवली, आणि पेनड्राइव्हसाठी घरातल्या जुन्या सीडी कॉम्प्युटरवर चढवल्या.

पण माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे, गायिकेचं नाव. गाणं लावलं की वर गाण्याचे शब्द, खाली अल्बम, त्याच्या खाली कलाकार, आणि त्या कलाकारांत आधी संगीतकार, मग गीतकार, आणि सगळ्यात शेवटी जी गातीये ती. फोनच्या पट्टीत तेवढं मावतच नाही. 'सावळाच रंग तुझा' लावलं तर सुधीर फडके, ग. दि. माडगूळकर, आणि मग 'मा' आणि तीन टिंबं. झालं, माणिकताई गायब! बाबूजी आणि गदिमा थोरच आहेत, त्याबद्दल वादच नाही, पण कानात जो आवाज येतोय तो कोणाचा हे कळायला तीन ठिकाणी बोट दाबावं लागत असेल तर नवीन मुलीला ती गायिका सापडणार कशी? भाचीला गाणं आवडलं होतं, आठवडाभर ऐकत होती, आणि कोण गातंय विचारलं तर तिला सांगता येईना.

नाव दिसलं तरी बरोबर असेल याची खात्री नाही. वैशाली सामंत आणि वैशाली माडे एकमेकींच्या पानावर, आता एकीचं 'कोंबडी पळाली' आणि दुसरीचं 'पिंगा', कुठे गल्लत व्हावी यात? सुलोचना चव्हाणांच्या लावणीवर फोटो अभिनेत्री सुलोचनाबाईंचा. मालती पांडे एका पानावर आणि लग्नानंतरच्या मालती बर्वे दुसऱ्या, बाई एकच. सुमन कल्याणपूरांचं तर विचारूच नका, आवाज लताबाईंच्या जवळचा म्हणून त्यांची गाणी कायमच लोक लताबाईंची समजत आले, आणि अ‍ॅपने तेच पुढे चालवलंय. ज्या बाईंना २०२३ मध्ये पद्मभूषण मिळालं त्यांच्या गाण्यावर त्यांचं नाव नको?

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं की माहिती म्युझिक कंपनीकडून येते, आम्ही बदलू शकत नाही. मी परत लिहिलं की फोटो तरी तुमचाच आहे ना. मग 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे', आणि शांतता. मी सोडलं नाही, सीडीच्या कव्हरचा फोटो काढून पाठवला ज्यावर प्रत्येक गाण्यापुढे गायिका, गीतकार, संगीतकार स्वच्छ छापलंय. बऱ्याच दिवसांनी सुलोचनाबाईंचा फोटो बदलला. दोन वैशाल्या अजून तशाच आहेत.

एवढ्याशा गोष्टीवर इतकं काय असं घरात सगळ्यांनी म्हणून झालंय. मला हे एवढंसं वाटत नाही. १९०२ साली गौहर जानने कलकत्त्यात रेकॉर्ड केली तेव्हा गाणं संपलं की शेवटी स्वतःच 'माय नेम इज गौहर जान' असं म्हणायची, कारण तबकड्या तिकडे जर्मनीत हॅनोव्हरला बनायच्या आणि तिथल्या लोकांना लेबल कोणाचं लावायचं ते कळायला हवं. जेमतेम तीन मिनिटांची रेकॉर्ड, त्यातले दोन-तीन सेकंद नावासाठी. आणि १९४९ च्या 'महल'मध्ये 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव कोणाचं, तर कामिनी! ते सिनेमातल्या पात्राचं नाव. साक्षात लताबाईंना हे सोसावं लागलं, तर बाकीच्यांचं काय झालं असेल. इतकं झगडून मिळालेलं नाव एका अ‍ॅपच्या पट्टीत मावत नाही म्हणून कापलं जातं, याची मला खरंच चीड येते.

आता बाजू बदलते, कारण अ‍ॅपने एक काम फार छान केलं. एक गाणं संपल्यावर पुढची आपोआप लागतात ते मी सुरुवातीला बंद करून ठेवलं होतं, कारण काहीही लावा, चौथ्या गाण्याला फिरून त्याच दोन-तीन आवाजांवर यायचं. पण एकदा कृष्णा कल्लेंचं 'परिकथेतील राजकुमारा' लावून कामाला लागले आणि बंद करायचं राहिलं, तर पुढे पुष्पा पागधरे, मग उत्तरा केळकर, असं चालूच. म्हणजे सुरुवात प्रसिद्ध गाण्याने करू नका, कमी ऐकलेल्या गायिकेपासून करा, मग ते आडवाटेला जातं. पुष्पाताई पालघरकडच्या सातपाटीच्या. 'इतनी शक्ति हमें देना दाता' शाळाशाळांत म्हणतात ते १९८६ च्या 'अंकुश'मधलं, गायलंय यांनी आणि सुषमा श्रेष्ठने. भाची ती प्रार्थना म्हणत मोठी झाली आणि हे नाव तिने कधी ऐकलं नव्हतं.

असंच किशोरीताईंचं 'जाईन विचारीत रानफुला' तिला मिळालं. तिची समजूत होती की किशोरी आमोणकर म्हणजे फक्त तासभराचा ख्याल. शांताबाईंचे शब्द आणि हृदयनाथांची चाल ऐकून तिने मला रात्री फोन केला, मावशी ह्या अशा पण गातात?

तर कोणाला अशी यादी करायची असेल तर माझं म्हणणं ऐका. ज्योत्स्नाबाईंचं 'माझिया माहेरा जा' पहिलं ठेवा, शब्द राजा बढ्यांचे, चाल पुलंची, आणि आवाजात कुठेही साखर घोळलेली नाही. त्याला लागून सुलोचनाबाईंचं 'सोळावं वरीस धोक्याचं' लावा, मध्ये काही नको, दोन्ही आवाज एकदम उजळतात. मग सुमनताईंचं 'केतकीच्या बनी तिथे'. बहिणाबाईंच्या कविता उत्तराताईंच्या आवाजात घ्याच, ओवी कशी म्हणायची ते कळतं. नव्यांमध्ये आर्या आंबेकर आणि सावनी रवींद्र, सावनीला 'बार्डो'साठी राष्ट्रीय पुरस्कार आहे. गोव्याची लोर्ना विसरू नका, कोंकणी नाही समजली तरी ख्रिस पेरीच्या ट्रम्पेटबरोबर तो आवाज अंगावर येतो. आणि कडूबाई खरात, हातात एकतारी घेऊन भीमगीतं गाणाऱ्या. त्या मला अ‍ॅपने कधीच सुचवल्या नाहीत, आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी त्यांच्या फोनवर ऐकवल्या, आणि यादीतला सगळ्यात खणखणीत आवाज तोच आहे.

नाव तपासायला 'आठवणीतली गाणी' ही वेबसाइट उघडी ठेवा, फुकट आहे, गीत, संगीत, स्वर सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं. अ‍ॅपमध्ये यादी करताना मी यादीच्या वर्णनात गायिकेचं नाव स्वतः टाइप करते, गाण्याच्या क्रमाने. वेळ जातो पण भाचीला दिसतं.

वर्षाचे पैसे या वेळी भरत नाही. एक महिना घेते, तेवढ्यात कृष्णा कल्ले आणि मालती पांडे यांची राहिलेली गाणी शोधून होतील, आणि दोन वैशाल्यांची तक्रार परत टाकलीये, त्याचं उत्तर आलं तर पुढचं बघू. तुमच्याकडे विदर्भ-खानदेशातल्या गायिकांची नावं असतील तर द्या, तिकडचं माझ्या यादीत फार कमी आहे.