क्रॉस स्टिचचं सामान: सगळं आधी जमवावं की लागेल तसं आणावं?

चार्ट, म्हणजे फुलीच्या टाक्यांनी भरायच्या चित्राचा चौकटींचा नकाशा, आवडला, डाउनलोड करून झाला, की पहिला प्रश्न सामानाचा. क्रॉस स्टिच करणाऱ्यांमध्ये इथे सरळ दोन तट असतात. एका तटाचं म्हणणं, कापड, सगळ्या नंबरांच्या लड्या, सुया, कापड ताणून धरायची रिंग हे सगळं एका पिशवीत जमल्याशिवाय पहिली फुली घालायचीच नाही. दुसरा तट म्हणतो, घरात आहे त्यावर सुरू करा, संपेल तसं आणू. या दोघांच्या मध्ये तयार किट उभं आहे, डबा उघडा आणि बसा.

माझा कौल आधीच सांगून टाकते. पंधरा-वीस रंगांचं चित्र असेल किंवा एखादाच रंग आकाशासारखा, पाण्यासारखा ऐसपैस पसरला असेल, तर सगळं आधी जमवा. बाकीच्या कामांना एवढा थाट लागत नाही. मात्र आधी जमवायचं म्हणून अख्खं शेडकार्ड, म्हणजे कंपनीच्या छटांच्या तक्त्यावरचा प्रत्येक रंग, विकत घेऊन महिनाभर बॉबिनांवर दोरे गुंडाळत बसायची गरज नाही. एका वेळी एका चित्राचं सामान, एवढीच माझी व्याख्या.

लागेल तसं आणणं कुठे चालतं

रुमालाच्या कोपऱ्यातली फुलं, पुस्तकातली खूण, बाळाच्या नावाची छोटी फ्रेम, उंबरठ्यावरच्या तोरणाची पट्टी. रंग चार-पाच, त्यातला एक काळा नाहीतर पांढरा. असं काम घरातल्या उरलेल्या लड्यांवर निघतं. एखादा रंग कमी पडलाच तर ठाण्यात नौपाड्यात, जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा नवी मुंबईत आपापल्या सेक्टरच्या मार्केटमध्ये शिवणसामानाचं दुकान असतंच. अँकर कंपनीच्या लड्या तिथे मिळतात. अँकरचा ४०३ नंबर म्हणजे काळा, तो तर कोणीही काढून देईल.

खरी पंचाईत होते ती मधल्या छटांची. काउंटरवरचा संवाद ठरलेला असतो.

"दादा, हा नंबर बघता का जरा?"

"हा नाहीये ताई. त्याच्याच जवळचा देऊ का? भरल्यावर कळत पण नाही."

भरल्यावर चांगलं कळतं. पान किंवा पाकळी असेल तर एक वेळ चालून जाईल. चेहऱ्यावर त्वचेच्या तीन छटा एकमेकींत विरघळायच्या असतात, तिथे मधली छटा बदलली की गालावर डाग पडल्यासारखा दिसतो. मग शोध सुरू. दादर, नाहीतर थेट क्रॉफर्ड मार्केट. नोकरी करणाऱ्या बाईला रविवारच मोकळा, आणि त्या दिवशी मध्य रेल्वेवर, नाहीतर हार्बरवर मेगाब्लॉक. ऑनलाइन मागवावं तर एका लडीवर तिच्या किमतीहून जास्त घरपोच आकार. एवढ्यात हातातलं काम आठवडाभर थांबतं, आणि थांबलेलं भरतकाम कपाटात गेलं की लवकर बाहेर येत नाही.

दुसरा धोका रंगाच्या खेपेचा. नंबर तोच, पण वेगवेगळ्या वेळी रंगवलेला दोरा तंतोतंत एकसारखा निघेलच असं नाही. शिवाय दुकानात उजेडात टांगून राहिलेली लडी थोडी विटलेली असते. दोन लड्या हातात धरून फरक दिसत नाही. आकाशाचा अर्धा भाग जुन्या लडीने आणि अर्धा नव्या लडीने भरला की मधली रेघ लांबून दिसते. तसं झालंच तर एक तोड आहे. दोन धाग्यांनी भरत असाल तर मधल्या काही ओळींत एक धागा जुन्या लडीचा आणि एक नव्या लडीचा सुईत घ्या, म्हणजे सांधा विरून जातो. पण ही डागडुजी झाली. पसरट रंगाच्या सगळ्या लड्या एकदम, एकाच दुकानातून घेतल्या असत्या तर ती करावीच लागली नसती.

आधी जमवायचं, तर हिशोब

इथे थोडं गणित येतं. ते एकदा बसलं की मग दर वेळी पाच मिनिटांचं काम आहे.

कापड आधी. क्रॉस स्टिचसाठीच्या चौकटीदार आयडा कापडावर १४ काउंट लिहिलं असेल तर एका इंचात १४ चौकटी. चार्ट १४० बाय ९८ फुल्यांचा असेल, तर १४० भागिले १४ म्हणजे १० इंच आणि ९८ भागिले १४ म्हणजे ७ इंच. फ्रेमिंगवाल्याला कापड ताणायला आणि तुम्हाला रिंग लावायला चारी बाजूंना ३-३ इंच सोडा. म्हणजे तुकडा १६ बाय १३ इंचांचा. हाच चार्ट ११ काउंटवर काढला तर समासासकट जवळजवळ १९ बाय १५ लागेल. कापड घेऊन झाल्यावर काउंट बदलायचा विचार आला की रडकुंडीला यायची वेळ येते, म्हणून हा हिशोब दुकानात जायच्या आधी.

आयडाऐवजी दोसुती किंवा मॅटी घेणारे पुष्कळ आहेत, कारण ते मीटरवर मिळतं आणि स्वस्त पडतं. घ्या, हरकत नाही. फक्त कापून घ्यायच्या आधी पट्टी लावा, दोन टाचण्या बरोबर दोन इंचांवर टोचा आणि मधल्या चौकटी मोजा. मग पट्टी आडवी करून पुन्हा मोजा. दोन्हीकडे आकडा सारखा आला तर उत्तम. उभ्यात २२ आणि आडव्यात २४ आला, तर तुमचा गोल गणपती लांबट होणार. दुकानदार घाई करतो, करू द्या. कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून गल्लीतल्या शिंप्याकडून इंटरलॉक मारून घेतलं की काम टिकतं.

आता दोरा. अँकर काय किंवा डीएमसी काय, दोन्ही कंपन्यांची एक लडी ८ मीटरची आणि सहा धाग्यांची. धागे सुटे केले तर ४८ मीटर. १४ काउंटवर एका चौकटीची बाजू साधारण १.८ मिलिमीटर. एका फुलीला पुढून दोन तिरक्या रेघा आणि मागून दोन सरळ टाके मिळून ९ मिलिमीटरच्या आसपास दोरा जातो. दोन धाग्यांनी भरता म्हणून १८. कागदावर एका लडीत अडीच हजारांवर फुल्या बसतात. प्रत्यक्षात नव्याने दोरा लावणं, शेवटची टोकं मागे दडवणं आणि उसवणं यांत त्यातला चांगला तिसरा हिस्सा जातो. मी १,५०० फुल्यांना एक लडी धरते. चार हजार फुल्यांचं आकाश असेल तर तीन लड्या. ११ काउंटवर तीन धाग्यांनी भरत असाल तर हा आकडा हजाराच्या खाली आणा. एकेक फुली इकडे तिकडे विखुरलेली असेल तर आणखी सढळ हाताने घ्या, कारण तिथे दोरा मागून उड्या मारत फिरतो.

आधी जमवण्याचा सर्वांत मोठा फायदा मात्र नंबर बदलताना होतो. बाहेरचे चार्ट बहुतेक डीएमसीच्या नंबरांत असतात. डीएमसी ही १७४६ पासूनची फ्रेंच कंपनी, तिचे रंग ५०० च्या घरात. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात अँकर मिळतो, तो बराच स्वस्त पडतो आणि त्याच्या छटा कमी आहेत. म्हणून तक्ता घेऊन नंबर बदलावे लागतात: डीएमसीचा ३१० म्हणजे अँकरचा ४०३, असं. छटा कमी असल्यामुळे कधी डीएमसीच्या दोन वेगळ्या नंबरांना तक्ता अँकरचा एकच नंबर देतो. ते दोन रंग चित्रात शेजारी शेजारी असले तर ती छटाच गायब. लागेल तसं आणणाऱ्याला हे अर्धं चित्र झाल्यावर समजतं. सगळी यादी आधी लिहिणाऱ्याला कागदावरच तोच आकडा दोनदा दिसतो, आणि त्यातली एक छटा शेडकार्डवर फिकट किंवा गडद बाजूला सरकवता येते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी यादीच्या बाजूने मत देईन. आणि शेडकार्ड दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली करडा आणि फिका जांभळा भाऊ-भाऊ दिसतात.

सुया विसरू नका. बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई लागते: ११ काउंटला २२ नंबर, १४ ला २४, १६-१८ ला २६.

तयार किट

पहिलंच काम असेल, हौस टिकेल की नाही याची स्वतःलाच खात्री नसेल, तर किट घ्यावं. कापड मापाचं, सुई आत, दोरे मोजून कापलेले. भाचीला वाढदिवसाला द्यायला तर हेच बरं.

घेताना एकच गोष्ट बघा. दोऱ्यांवर कंपनीचे नंबर आहेत की नुसती चिन्हं? स्वस्त किटांत अनेकदा पुठ्ठ्यावर दोरे ओवलेले असतात आणि पुढे चौकोन, त्रिकोण, बदाम एवढंच. तो बदाम संपला की जगातल्या कुठल्याच दुकानात 'बदाम' मागता येत नाही. कापडावर नक्षी छापलेली किटं सोपी वाटतात, पण छपाई चौकटींच्या थोडी इकडे तिकडे सरकलेली असेल तर चार्टकडे बघूनच भरावं लागतं, मग छपाईचा उपयोग काय? पैशाचा हिशोब करायचा तर मोठ्या चित्राला सुटं सामान आणि छोट्याला किट असं साधारण जमतं; घरात उरलेल्या लड्या असतील तर सुटं नेहमीच स्वस्त.

जमवलं, आता ठेवायचं कशात

बॉबिनांचे डबे फोटोत सुरेख दिसतात. पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या चपट्या बॉबिनवर लडी गुंडाळायची, वर नंबर लिहायचा, नंबरवारीने लावायचं. ज्यांच्याकडे शेकडो रंग आहेत त्यांना याला पर्याय नाही, कारण जागा सगळ्यांत कमी लागते आणि वन बीएचकेत कपाटाचा एक खणसुद्धा भांडून मिळवावा लागतो. पण गुंडाळायला वेळ जातो आणि चपट्या कडेला दोऱ्याला घडी पडते, ती भरताना दिसते. एका चित्रासाठी वीस रंग गुंडाळायचे आणि काम संपल्यावर पुन्हा तेच, हा मला उद्योगच वाटतो.

त्यापेक्षा छोट्या झिपच्या पिशव्या. एका पिशवीत एक रंग, कागदी पट्टी दोऱ्यासकट आत, म्हणजे नंबर हरवत नाही. पिशव्यांना भोक पाडून सगळ्या एका कडीत ओवायच्या. ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली तर तेवढ्या अर्ध्या तासात कडीतली एकच पिशवी काढून बसता येतं. सगळा डबा मांडीवर घेणाऱ्यांचं तुर्भ्याला काय होतं, ते गर्दीत उभं राहून बघावं.

तिसरा प्रकार आपला घरगुती. लग्नपत्रिकेचा जाड कागद, कडेने पंचिंग मशीनने भोकं, प्रत्येक भोकाशी चार्टमधलं चिन्ह आणि नंबर, आणि दोरा कापून त्यात अडकवलेला. फुकटचं आणि चालू कामाला फार सोयीचं. कापताना मात्र आधी ठरवा. साधी पद्धत असेल तर ४५ सेंटिमीटर, लडीत असे १७ तुकडे निघतात. गाठ न मारता फासा घालून सुरुवात करत असाल तर ९० सेंटिमीटर, कारण एकच धागा दुमडून दोन करायचा असतो. तेव्हा ८ तुकडे. ४५ चे कापून झाल्यावर फाशाची पद्धत शिकलात तर कापलेला दोरा तोकडा पडतो. म्हणून मी सगळी लडी एकदम कापत नाही, दोन-तीन तुकडे कापते आणि बाकीची पिशवीत ठेवते. म्हणजे चालू रंगांना पत्रिका आणि साठ्याला पिशव्या, असं हे मिश्रण आहे.

जूनपासून आपल्याकडची हवा ओली असते, त्याचा विचार साठवणीत हवाच. बंद प्लास्टिकमध्ये दमट दोरा गेला की वास धरतो, म्हणून पिशव्या भरायच्या त्या कोरड्या दिवशी, आणि मोठ्या डब्यात नव्या पर्समधून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. रिंग रोज काढा, नाहीतर दाबाचा वळ कापडावर कायमचा बसतो. आणि सुई कापडात खोचून काम गुंडाळून ठेवू नका. पावसाळ्यात दोन आठवडे ते तसंच राहिलं तर सुईचा गंज पांढऱ्या आयडावर उतरतो आणि तो डाग साबणाने जात नाही. सुईला वेगळी डबी करा, किंवा चार्टच्या कागदाच्या कोपऱ्यात खोचा, तिथे गंज चढला तरी बिघडत नाही.