विमानाच्या इंजिनावर सीलबंद कनेक्टर: अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

स्वतः बांधलेल्या विमानाच्या इंजिनावरचे मूळचे, कथिलाचा मुलामा असलेले उघडे कनेक्टर (तारा एकमेकींना जोडणारे जोड) काढून त्यांच्या जागी मी डॉइच या ब्रँडच्या डीटी मालिकेचे सीलबंद कनेक्टर बसवले, त्याला आता बरेच महिने झाले. इंधन इंजेक्शन असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनावर, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या आगरोधक पडद्याच्या) पुढच्या उष्णतेत आणि कंपनात ते उत्तम टिकले आहेत. तरीही आधी बिघाडाविषयी लिहितो, कारण दोष नेमका कोणत्या जोडात आहे हे न शोधता नुसते कनेक्टर बदलून काही साधत नाही.

चढताना इंजिन मधूनच अडखळत असे आणि उतरून काऊल (इंजिनावरचे झाकण) उघडले की सारे सुरळीत दिसे. तार सलग आहे का हे तपासताना मल्टिमीटर प्रत्येक तारेवर बीप देत होता. बहुतेकांचा शोध इथेच थांबतो आणि इंजेक्टर, कॉइल, शेवटी ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) बदलण्याचा खर्च सुरू होतो. बीपचा अर्थ एवढाच की मीटरचा अत्यल्प प्रवाह त्या जोडातून जातो. पंपाचा प्रवाह तिथून विनाअडथळा जाईल, याची ती खात्री नव्हे. म्हणून इंधनपंप चालू ठेवून मीटरची एक पिन कनेक्टरच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे लावून व्होल्टेजची घट मोजावी. पंप ५ अँपिअर घेत असताना एका जोडावर ०.५ व्होल्ट घट दिसली, तर तिथे ०.१ ओहम रोध आहे आणि अडीच वॉट उष्णता त्या इवल्याशा टर्मिनलमध्ये जिरते आहे. एवढा रोध ओहममापनात मीटरच्या स्वतःच्या वायरींच्या रोधातच हरवून जातो. माझ्या इंजिनावर तारांचा जुडगा हाताने हलवताच पंपाच्या जोडावरची घट उड्या मारू लागली आणि दोष सापडला.

ते टर्मिनल भिंगाखाली धरल्यावर, जिथे दोन पत्रे एकमेकांना टेकतात नेमका तिथे, टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग दिसला. बाकी सगळा मुलामा चकचकीत होता. कंपनामुळे टेकलेले पृष्ठभाग काही मायक्रॉन मागेपुढे घासत राहतात, कथिलाचा ताजा थर उघडा पडून त्याचे ऑक्साइड होते आणि ती कठीण भुकटी संपर्कबिंदूवरच साचते. कनेक्टर काढून पुन्हा लावला की भुकटी पुसली जाते आणि बिघाड काही काळ नाहीसा होतो. म्हणून ‘काढून लावल्यावर ठीक झाले’ हा दिलासा मानू नये. दोष त्या जोडातच असल्याचा तो सबळ पुरावा आहे.

सेन्सरच्या तारांवर हाच दोष अधिक फसवा असतो. तापमानाचे अनेक सेन्सर २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३२० ओहम दाखवतात. गरम इंजिनावर जोडात १०० ओहमची भर पडली, तर ईसीयूला इंजिन सुमारे १० अंशांनी थंड वाटते. असा चुकीचा आकडा मान्य मर्यादेतच असल्याने दोषाचा दिवाही लागत नाही.

आता नव्या कनेक्टरांविषयी. डीटी मालिकेतील १६ क्रमांकाचे टर्मिनल १३ अँपिअरपर्यंत चालते आणि तापमानाची मर्यादा उणे ५५ ते १२५ अंश आहे. भरीव पिना, सिलिकॉनचे सील आणि टर्मिनल जागेवर घट्ट धरणारी पाचर, या तिन्हींमुळे पिनांची चुळबूळ जवळजवळ थांबते. व्होल्टेजची घट मी नियमितपणे मोजतो. ती बसवल्या दिवसासारखीच आहे.

एक गोष्ट मात्र बसवण्यापूर्वीच पाहावी. या कनेक्टरचे नेहमीचे सील साधारण २.२ ते ३.७ मिलिमीटर जाडीच्या तारांसाठी असते, तर विमानात वापरली जाणारी २० गेजची टेफझेल (पातळ प्लास्टिक आवरणाची) तार जेमतेम दीड मिलिमीटर भरते. ती नेहमीच्या सीलमध्ये सैल बसते आणि पाणी सरळ आत जाते. बारीक तारांसाठी वेगळे, लहान छिद्रांचे सील मिळते, तेच घ्यावे. रिकाम्या छिद्रांत बुच बसवावे. भरीव पिनांसाठी चार बाजूंनी दाबणारा क्रिंपर (पिन तारेवर दाबून पक्की करणारे हत्यार) लागतो. साध्या पकडीने दाबलेली पिन हाताला पक्की वाटते, पण भरवशाची नसते. मापनासाठी सीलमधून जाड पिन खुपसू नये, कारण पाण्याला तीच वाट मिळते. तार कनेक्टरच्या मागे लगेच रबरी अस्तराच्या क्लॅम्पने बांधावी, नाहीतर कंपनाचा सगळा भार क्रिंपच्या कडेवर येतो.

आकाराने हे कनेक्टर मोठे आहेत, त्यामुळे कॉइलजवळच्या अडचणीच्या जागेत ते बसवायला बराच खटाटोप करावा लागतो. एक्झॉस्टजवळ १२५ अंशांची मर्यादा सहज ओलांडली जाते, तिथे ते लावूच नयेत. एक्झॉस्ट तापमानाच्या थर्मोकपलसाठीही (दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या तापमापकासाठीही) मी ते वापरले नाहीत: के प्रकारच्या तारा क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेलच्या असतात, मध्ये दुसऱ्या धातूच्या पिना आल्या आणि त्यांच्या दोन टोकांच्या तापमानात फरक पडला, की वाचन चुकते. त्या तारांना त्याच मिश्रधातूंचे जोड ठेवले आहेत.