सिलिकॉन कार्बाइड नळ्यांचा हीट एक्स्चेंजर: नळी टिकते, ओ-रिंग सांभाळावी लागते

वापरून झालेल्या गरम ॲसिडमधली उष्णता आत येणाऱ्या थंड ॲसिडला द्यायची असेल, तर स्टेनलेस स्टील बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत बाद होतं. मग निवड उरते ग्राफाइट, काच, टॅन्टलम, पीटीएफई (टेफ्लॉन) आणि सिलिकॉन कार्बाइड यांच्यात. इथे पारख आहे ती शेवटच्या प्रकाराची: सिंटर केलेल्या (पूड भट्टीत भाजून घट्ट केलेल्या) सिलिकॉन कार्बाइडच्या सरळ नळ्या, त्यांची टोकं धरणारी पीटीएफईची जाड प्लेट म्हणजे ट्यूबशीट, आणि बाहेरून आतून फ्लुओरोप्लास्टिकचं लायनिंग असलेलं स्टीलचं शेल, म्हणजे कवच.

नळीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. नेहमीचं माप बाहेरून १४ मिमी, आतून ११ मिमी. खोलीच्या तापमानाला वाहकता १०० ते १२५ वॅट प्रति मीटर-केल्विन. बोरोसिलिकेट काचेची जेमतेम १.२. दोन्हीकडे द्रव असेल आणि प्रत्येक बाजूचा उष्णता देण्या-घेण्याचा कोएफिशंट २००० वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन धरला, तर स्वच्छ अवस्थेत U, म्हणजे दोन्ही बाजू आणि भिंत मिळून एकूण कोएफिशंट, सुमारे ९८५ येतो. दीड मिमी जाडीचीच काच लावली तर ४४५. पण एका बाजूला गॅस आला की ही बढाई संपते. गॅसचा कोएफिशंट ४०-५० च्या घरात असतो, सगळा अडथळा तिथेच. भिंत काचेची असो वा कार्बाइडची, फरक पाच-सहा टक्क्यांचा. तिथे ही नळी घ्यायची ती तापमान आणि गंज सोसते म्हणून. वाहकतेचं कौतुक करून गॅससाठी ती गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्याला हे गणित कागदावर मांडायला सांगा.

ऑर्डर लिहिताना नुसतं ‘सिलिकॉन कार्बाइड’ लिहू नका, ‘सिंटर्ड’ लिहा. रिॲक्शन-बॉन्डेड प्रकार स्वस्त असतो, पण त्यात मोकळं सिलिकॉन उरलेलं असतं. गरम कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइडसारखा तीव्र अल्क) किंवा हायड्रोफ्लोरिक-नायट्रिक ॲसिडचं मिश्रण ते सिलिकॉन खाऊन टाकतं आणि मागे सच्छिद्र नळी उरते. सिंटर्ड नळी हे मिश्रणही सोसते. काच आणि टॅन्टलमला हायड्रोफ्लोरिक चालत नाही, तर ग्राफाइटमध्ये भरलेल्या रेझिनला तीव्र नायट्रिक.

आता आकाराचं गणित, कारण कोटेशनमध्ये सर्वांत जास्त चुका इथेच होतात. समजा दोन्हीकडे ताशी ५ घनमीटर, पाण्यासारखेच गुणधर्म असलेला द्रव आहे. गरम बाजू ९५ वरून ५५ °से वर आणायची, थंड बाजू ३० वरून ७० वर न्यायची. उष्णता सुमारे २३२ किलोवॅट, तापमानातला फरक दोन्ही टोकांना २५ अंश. U ९०० धरला तर १०.३ चौरस मीटर लागतात. ३ मीटरच्या एका नळीचं बाहेरचं क्षेत्रफळ ०.१३२ चौरस मीटर, म्हणजे ७८ नळ्या. त्या सगळ्या एकाच शेलमध्ये एका पासात (द्रव सगळ्या नळ्यांतून एकदाच सरळ जाईल अशा) घातल्या तर नळीतला वेग सेकंदाला जेमतेम ०.१९ मीटर राहतो आणि U चा ९०० हा आकडा कागदावरच राहतो. वेग वाढवायला त्याच शेलमध्ये चार पास केले, तर दोन्ही प्रवाह पूर्णपणे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने राहत नाहीत. थंड द्रव ७० ला बाहेर पडतो आणि गरम ५५ ला. तापमानं अशी एकमेकांना ओलांडतात तेव्हा एका शेलचा मल्टिपास हे काम करूच शकत नाही. उपाय एकच: १९ नळ्यांची लांबट शेल एकामागोमाग जोडायची. वेग ०.७७ मीटर मिळतो. चार शेलमध्ये ७६ नळ्या बसतात, म्हणजे थोडं कमीच पडतं. नळ्यांवर थर बसेल हे धरून पाचवं घ्यावं.

पाच शेल म्हणजे ९५ नळ्या, १९० टोकं, आणि प्रत्येक टोकाला दोन ओ-रिंग (गळती अडवणाऱ्या रबरी कड्या) धरल्या तर ३८० ओ-रिंग. या यंत्राचं भवितव्य ठरतं ते या ३८० ठिकाणी.

नळी ट्यूबशीटला चिकटवलेली नसते, ओ-रिंगमध्ये सरकते. सरकायलाच हवी: १२० अंश तापल्यावर ३ मीटरची नळी सुमारे १.४ मिमी वाढते, कार्बन स्टीलचं शेल तेवढंच तापलं तर ४.३ मिमी. सरकताना ती एका टोकाने निसटू नये म्हणून बाहेरून अडवणारी प्लेट किंवा कॉलर आहे ना, हे ड्रॉइंगवर पाहा. ओ-रिंगचं रबर द्रव पाहून निवडा. एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) ॲसिडला चांगलं, पण ॲसिटोन, अमाइन आणि गरम कॉस्टिकसमोर टिकत नाही. एफएफकेएम, त्याचाच वरचा प्रकार, जवळपास सगळं सोसतं आणि किंमतही तशीच लावतं. धुण्याचं रसायनही यादीत धरा. वर्षभर ॲसिडमध्ये टिकलेली रिंग कॉस्टिकच्या एका धुण्यात फुगते. दोन रिंगांच्या मधली जागा बाहेर उघडणारी हवी, म्हणजे गळती जमिनीवर दिसेल, दुसऱ्या द्रवात मुरणार नाही. दोन्हीकडे ॲसिड असताना पीएच बघून गळती कळत नाही, म्हणून स्वच्छ बाजूचा दाब थोडा जास्त ठेवतात.

पीटीएफई दाबाखाली हळूहळू वाहतं. पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा कसावेच लागतात, गरम असताना नाही. बोल्टचा ताण टिकवणारे डिस्क स्प्रिंग लावलेले असतील तर हा त्रास बराच कमी. शेलवर लायनिंगमागची हवा जायला बारीक भोकं असतात. रंगारी ती हमखास बुजवतो. मग मागे वायू साठतो आणि शेलमध्ये व्हॅक्यूम आला की लायनिंग आत फुगून नळ्यांवर दाबतं.

नळ्या फुटतात त्या बहुधा माणसांमुळे. पंप झटक्यात चालू करणं, वाफेच्या लाइनीत साचलेलं पाणी आपटणं, सफाईच्या लान्सचं (जोराने पाणी मारणाऱ्या लांब नळीचं) तोंड नळीच्या कडेवर बसणं, ही नेहमीची कारणं. व्हॉल्व्ह सावकाश उघडा, आणि दाबाची चाचणी पाण्यानेच करा, हवेने नको. बाहेर जाणाऱ्या लाइनीत स्ट्रेनर (गाळणी) बसवा. नाहीतर फुटलेले तुकडे, पोलादापेक्षा कितीतरी कठीण, थेट पुढच्या पंपात जातात.

एक नळी गेली तर दोन्ही टोकांना पीटीएफईचा बूच मारून यंत्र चालू ठेवता येतं. १९ पैकी एक म्हणजे त्या शेलचं साधारण ५ टक्के क्षेत्रफळ. नळी बदलणं त्याच जागी होतं, वेल्डिंग लागत नाही, पण ओढून काढायला शेलच्या एका टोकाला नळीच्या लांबीएवढी मोकळी जागा लागते. पायाचं ड्रॉइंग पक्कं करण्याआधी ही ३ मीटर मोजून घ्या, आणि पहिल्याच ऑर्डरमध्ये ओ-रिंगचा एक पूर्ण संच जादा मागवा.