व्हॅलग्रिंड: सी शिकणाऱ्याच्या मशीनवर हवंच

डिप्लोमाच्या मुलांना सी शिकवते. मॅलॉकचा, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना मेमरीत जागा मागून घेण्याचा, धडा सुरू करण्याआधी लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर व्हॅलग्रिंड टाकलेलं असावं, असं माझं ठाम मत झालंय. ज्युलियन सीवर्ड यांनी २००२ मध्ये आणलेलं, मेमरीच्या वापरातल्या चुका पकडणारं हे टूल फुकट आहे, सोर्सही खुला. उबंटूवर एका कमांडमध्ये बसतं.

पॉइंटरच्या (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या) चुकांत सगळ्यात घातक कुठली, तर प्रोग्रॅम चालत राहतो ती. एका विद्यार्थिनीने गावाचं नाव वाचून स्ट्रलेनने लांबी काढली, मॅलॉककडून नेमकी तेवढीच जागा घेतली आणि स्ट्रकॉपीने नाव तिथे उतरवलं. इंग्रजीत सांगली म्हणजे सहा अक्षरं. शेवटच्या नलसाठी (मजकूर संपल्याची खूण) सातवा बाइट मागितलाच नव्हता, तरी आउटपुट अगदी बरोबर! कारण ६४-बिट लिनक्सवर सहा बाइट मागितले तरी पदरात पडणाऱ्या तुकड्यात २४ बाइट मावतात. म्हणजे चूक तिथेच असते, फक्त दिसत नाही. मोठं नाव आलं की कधीतरी फुटते, तेही भलत्याच ओळीवर.

व्हॅलग्रिंडने लगेच 'इनव्हॅलिड राइट ऑफ साइज १' दाखवलं. खाली सांगितलं, की हा पत्ता सहा बाइटच्या ब्लॉकला लागून पुढचाच आहे, आणि तो ब्लॉक अमुक ओळीवर घेतलाय. तिने ते वाचलं आणि अधिक एक स्वतःच लिहिलं. फळ्यावर चौकोन काढून मला हे इतकं नेमकं कधीच पोचवता आलं नसतं.

फाइल हँडलिंगलाही उपयोग होतो. एफक्लोज, म्हणजे फाइल बंद करणं, राहिलं की शेवटच्या हिशेबात 'स्टिल रीचेबल'मध्ये (परत न केलेली, पण पत्ता अजून हाताशी असलेली जागा) ४७२ बाइट दिसतात. फाइल उघडताना एफओपनने घेतलेली जागा ती. हा आकडा आमच्या पोरांना आता पाठ झालाय. ट्रॅक-एफडीज हा पर्याय दिला, तर कुठली फाइल उघडी राहिली तेही कळतं.

कंपाइल करताना हायफन जी (-g) हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर ओळींचे नंबर येत नाहीत. एररची रांग लागली तर आधी पहिली सोडवा, बाकीच्या बहुतेक तिच्यामुळेच असतात. प्रोग्रॅम वीस-तीस पट हळू चालतो, पण लॅबच्या प्रोग्रॅमला ते जाणवतही नाही.

खरी उणीव वेगळी आहे. दहा घरांच्या साध्या लोकल ॲरेत अकराव्या घरात लिहिलं, तर व्हॅलग्रिंड बहुधा गप्प बसतं. त्यासाठी जीसीसी कंपाइलरमधलं ॲड्रेस सॅनिटायझर वापरा. दोन्ही एकदम चालत नाहीत, आलटून पालटून चालवावी लागतात.

विंडोजवर हे थेट चालत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) लागतं. टर्बो सी या जुन्या कंपाइलरवर तर ते चालायचा प्रश्नच नाही. टर्बो सी अजून धरून बसलेल्या लॅबने ते सोडायला माझ्या मते एवढं एक कारण पुरेसं आहे.