पोलो जीटी टीएसआयला २८८ चे पुढचे ब्रेक: ऑर्डर देण्याआधी डिकीतली स्टेपनी बघा

चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). ब्रेक पुढे २५६ मिमी व्यासाच्या, २२ मिमी जाडीच्या डिस्कचे आणि मागे ड्रम. आता या गाड्या जुन्या झाल्या, बऱ्याच रीमॅप झाल्या (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या), आणि पुण्यात त्यांच्यासाठी सगळ्यात जास्त विचारला जाणारा माल म्हणजे पुढचा २८८ चा सेट: २८८ × २५ मिमी डिस्क, एफएन३ जातीचे कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग), त्यांचे कॅरियर (कॅलिपर धरणारी चौकट) आणि नकल (स्टिअरिंग नकल, म्हणजे चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो भाग). परदेशातल्या पाचव्या पिढीच्या पोलो जीटीआयला कंपनीकडूनच हे माप होतं. म्हणजे हा कुणाच्या डोक्यातून निघालेला जुगाड नव्हे, त्याच घराण्यातला भाग आहे. हीच त्याची मोठी जमेची बाजू.

मात्र सेट विकणारा पहिलं वाक्य चुकीचं बोलतो: "गाडी लवकर थांबेल." शंभरच्या वेगावरून एकदा कचकचून ब्रेक दाबला तर २५६ ची डिस्कसुद्धा एबीएसला कामाला लावते. तिथून पुढे अंतर ठरवतो टायर. १८५ चे कडक झालेले, पाच वर्षांचे टायर ठेवून २८८ बसवणं म्हणजे चपला झिजलेल्या असताना नवी पँट शिवणं.

मोठी डिस्क कामाला येते ती उष्णतेसाठी. हिशोब सोपा आहे. दोन-तीन माणसं धरून गाडी १३०० किलो. १०० च्या वेगावरून थांबवायला साधारण अर्धा मेगाज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. आता महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा. उंची १२०० मीटरहून जास्त घटते, म्हणजे पंधरा मेगाज्यूल, म्हणजेच १०० वरून तीस वेळा थांबण्याइतकी. यातला काही भाग इंजिन, टायर आणि हवा घेतात. पण डीएसजी 'डी' मध्ये ठेवून, वरच्या गिअरमध्ये गाडी घरंगळू देत नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्याच्या डिस्क फार मोठा वाटा घेतात. २८८ च्या प्रत्येक डिस्कमध्ये दीड-दोन किलो लोखंड जास्त असतं आणि हवा खेळायला जागाही जास्त. तेवढ्याच ब्रेकिंगला तिचं तापमान कमी चढतं. पिस्टन जुन्या कॅलिपरसारखाच ५४ मिमीचा, त्यामुळे मास्टर सिलिंडर बदलावा लागत नाही आणि पेडलचा प्रवास तोच राहतो. पॅड मध्यापासून लांब गेल्यामुळे पायाच्या तेवढ्याच दाबाला जोर बारा ते पंधरा टक्के वाढतो. गावातल्या गाडीत हे पहिल्या सिग्नललाच जाणवतं, आणि बहुतेकांना तेच "भारी" वाटतं.

ताम्हिणीच्या तळाला पोचेपर्यंत पेडल मऊ होत असेल, तर सेट घेण्याआधी ब्रेक ऑइल बदला. डॉट ४ चा उत्कलनबिंदू बाटली उघडताना किमान २३० अंश असतो. पाणी शोषल्यावरची प्रमाणित हद्द फक्त १५५ अंश. ऑइल पाणी शोषतंच, आणि इथले चार महिने पावसाचे. दर दोन वर्षांनी बदलायचं ऑइल सहा-सात वर्षं तसंच असतं, पाण्याची वाफ होते, आणि दोष मात्र डिस्कच्या माथी. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल आणि जळका वास येत असेल, तर ते पॅडचं फेड, म्हणजे पॅड तापून पकड सुटणं. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, औषधंही वेगळी. नवं ऑइल आणि चांगले पॅड टाकूनही तक्रार उरली, तरच २८८ वर खर्च करा.

बाजारात माल तीन रूपांत मिळतो. पहिला, नकलसकट पूर्ण सेट, बहुधा खोललेल्या गाडीचा. दुसरा, कॅलिपर, कॅरियर आणि डिस्क, पण नकल नाही. तिसरा, "तुमच्याच नकलवर बसतं" म्हणून ॲडॉप्टर प्लेट दिलेला. घ्यायचा तो पहिलाच. जुना एफएस३ कॅलिपर नकलच्याच कानांवर सरकतो. एफएन३ ला वेगळा कॅरियर लागतो आणि तो कॅरियर बोल्ट करायची जागा २५६ च्या नकलवर नसते. ती जागा प्लेट वेल्ड करून किंवा भोक पाडून तयार करणाऱ्या कारागिराच्या हाताला कितीही गुण असो, नमस्कार करून निघावं. जिथे पूर्ण ब्रेकचा जोर येतो तिथे वेल्ड नको.

पूर्ण सेट हातात घेतला की व्हर्नियर काढायचा. डिस्कची जाडी नवी २५ मिमी, किमान २२. विक्रेता "जवळपास नवी" म्हणत असेल आणि व्हर्नियर २२.६ दाखवत असेल, तर ती डिस्क भंगारात धरून भाव करा. पाच भोकांचं वर्तुळ १०० मिमीचं आहे ना, ते तपासा. लॉरा आणि जेट्टाच्या २८८ डिस्क ११२ च्या वर्तुळाच्या असतात, काउंटरवर बघताना कुणालाच फरक कळत नाही आणि घरी येऊन बसत नाहीत. डिस्कच्या टोपीची (मधल्या उंचवट्याची) उंचीही मोजा. ती वेगळी असेल तर डिस्क कॅरियरच्या मध्यात येत नाही आणि एक पॅड तिरका झिजतो.

कॅलिपर उलटा धरून पिस्टनभोवतीचं रबर बोटाने उचला. खाली तांबूस गंज आणि बारीक खड्डे दिसले तर रिपेअर किटने काम भागणार नाही, पिस्टनही नवा लागेल. गाइड पिन हाताने सरकल्या पाहिजेत. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजलेला असेल तर पिन अडकत होत्या असं समजा. नकल अपघातग्रस्त गाडीची असू शकते. सपाट काचेवर ठेवून डावी-उजवीची मापं ताडून पाहा. बेअरिंग जुनंच घेऊ नका. नव्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलवर एबीएससाठी चुंबकी पट्टी असते, ती सेन्सरकडे यायला हवी. उलटं ठोकलं तर गाडी चालते, दिवा लागतो, आणि बेअरिंग पुन्हा काढताना खराब होतं. सीव्ही जॉइंटचे (ॲक्सलच्या टोकाच्या सांध्याचे) दाते मोजून जुळवा.

बसवायला लिफ्टवर एका चांगल्या मेकॅनिकला चार-पाच तास लागतात. नकल शॉकरच्या नळीला चिमटीसारखी धरते. ती फट उघडायला स्प्रेडर हवा, छिन्नी ठोकून उघडली तर नकलला चीर जाते. ॲक्सलचा बोल्ट एकदाच वापरायचा, नवाच टाका. तो पूर्ण आवळण्याआधी गाडी चाकांवर उतरवू नका, बेअरिंग जागेवरच खराब होतं. गाइड पिनना ७ मिमी ॲलन आणि ३० न्यूटन-मीटर, चाकाच्या बोल्टना १२०. होजचं टोक आधी जुळवा: कुठे सरळ स्क्रू असतो, कुठे बँजो (पोकळ बोल्टने आवळायचं कड्याचं टोक). बँजो असेल तर तांब्याचे वॉशर दरवेळी नवे. डस्ट शील्ड २८८ चंच हवं. जुनं वाकवून बसवलं की पहिल्या पावसात खडा अडकतो आणि पत्रा कापल्यासारखा आवाज करत गाडी कोथरूडभर फिरते.

हब तारेच्या ब्रशने चकचकीत करा. गंजाची खपली कागदाएवढी जाड असली तरी डिस्क वाकडी फिरते आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरतं. मग सगळे "डिस्क वाकली" म्हणतात. डायल गेजवर डिस्कचं डगमगणं ०.०५ मिमीच्या आत यायला हवं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना (ब्लीडिंग) ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. एबीएस पंपात हवा शिरली तर साध्या ब्लीडिंगने निघत नाही, स्कॅनर लावून पंप फिरवावा लागतो. एक लिटर ऑइल घ्या, चारही चाकांचं बदला. शेवटी अलाइनमेंट, ते टाळता येत नाही.

आता शीर्षकातली स्टेपनी. २८८ वर १५ इंची चाक बसतं, १४ इंची नाही. डिकीतली स्टेपनी १४ ची असेल तर पुढचं चाक वरंध घाटात पंक्चर झाल्यावर मागचं चाक पुढे आणि स्टेपनी मागे अशी कसरत, तीही पावसात. १५ ची स्टेपनी आणि तिच्या टायरचा खर्च हिशोबात धराच. बाहेरची अलॉय असतील तर स्पोक आणि कॅलिपरमध्ये किमान ३ मिमी अंतर पाहा. चाक बसतं, फिरतं, आणि तरी टिकटिक ऐकू येते तेव्हा बहुधा आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं कॅलिपरला घासत असतात.

३१२ मिमीच्या डिस्कचा मोह बहुतेकांना होतो. त्याला १६ इंची चाकं लागतात, आणि मागे ड्रमच असल्यामुळे पुढचा वाटा इतका वाढतो की ओल्या रस्त्यावर एबीएस आधीच कुरकुरायला लागतो. ट्रॅकवर न जाणाऱ्या पोलोला २८८ पुरे.

कागदोपत्री बाजू रुक्ष पण खरी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं. विमा कंपनीला आधी लेखी विचारा. ब्रेकचा बदल क्लेमच्या वेळी पहिल्यांदा समजलेला कुणालाच आवडत नाही.

नवे पॅड पहिल्या दिवशी घाटात नेऊ नका. रविवारी पहाटे एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्यम जोराने. मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवा. डिस्क गरम असताना पेडल दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा तिथेच बसतो. सिग्नलला न्यूट्रलमध्ये हँडब्रेक लावा. दोनशे किलोमीटरनंतर चाकाचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि टॉर्च मारून आतले पॅड दोन्ही बाजूंना सारखे झिजताहेत ना ते बघा.